एक मूठ कमी

आजही भात उरला.

तीस वर्षं मी लोकांची शेतं मोजली.
साखळी, खुंट्या, तिपाईवरची दुर्बीण.
पायसांदूच्या आसपास अशी हद्द नसेल
जिच्या नकाशाखाली माझी सही नाही.
आणि एका माणसाचा तांदूळ
मला अजून मोजता येत नाही.
नेलिदा मुठीने घ्यायची.
माझी मूठ मोठी आहे.

विजेचा मीटर तिच्या नावावर.
खिडकीतली मुलगी, हिरव्या नखांची, बोलायला गोड,
म्हणाली, नाव बदलायला मूळ ग्राहकाला
स्वतः यावं लागेल.
मी म्हटलं, ती येणार नाही.
मग तिच्या सहीचं पत्र आणा.
मी म्हटलं, पोरी, मार्चपासून
ती कशावरच सही करत नाही.
मुलीने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा पडद्याकडे.
पडद्याला कुणी काही कळवलं नव्हतं.
दाखला खिशातच होता. काढला नाही.
खोटं कशाला बोलू, परत येताना बरंच वाटलं.
महिन्याच्या महिन्याला पाकीट येतं अजून:
सेन्योरा नेलिदा एचेवेस्ते,
थकबाकी शून्य.

इलास्टिकच्या चादरीचा शोध
दोन माणसं असलेल्या घरात लागला असणार.
हा कोपरा बसवावा तर समोरचा उडतो,
तो धरायला जावं तर हा.
आता मी तीनच कोपरे बसवतो.
चौथा तिच्या बाजूचा.

बरण्यांची झाकणं मात्र उघडतात.
ते खातं पहिल्यापासून माझ्याकडे.
(ती म्हणायची, मीच सैल करून ठेवलं होतं.)

पाठीत, दोन फऱ्यांच्या मधोमध,
तळहाताएवढी जागा आहे
जिथे माझे दोन्ही हात पोचत नाहीत.
मलम लाकडी उलथन्याने लावतो.
मंगळवारी त्याच उलथन्याने मसूर ढवळली.
खाल्ली. टाकवेना.
दोन दिवस ढेकरांना कापराचा वास.

शेजारची देल्मिरा सूप आणून देते.
सूप चांगलं असतं, पंचाईत भांड्याची.
रिकामं परत करू नये म्हणून मी तीन लिंबं घालतो,
लिंबं मिळाली म्हणून ती पुन्हा सूप घालते.
गल्लीत आता कुजबुज आहे.
झाडावर नऊ लिंबं उरलीत.
म्हणजे तीन सुपं.

दुपारी माते करतो.
तुंब्यात पाला, थर्मासातलं पाणी, नळी.
आमच्याकडे तुंबा हातोहात फिरतो:
मी ओतून द्यायचो, ती प्यायची,
परत द्यायची, मी पुन्हा ओतायचो.
नियम असा, की आभार मानायचे नाहीत.
आभार म्हणजे, पुरे, आता नको.
एक्केचाळीस वर्षं ती बाई
पाणी निवेपर्यंत पीत राहिली.
इस्पितळात, नर्सची नजर चुकवून,
मी तिला दोन घोट दिले.
तिने नळी ओठांवरून बाजूला केली
आणि म्हणाली, आभारी आहे.
मी थर्मासचं झाकण लावत बसलो.
आटे काही बसेनात.

असो.

काल थंडी वाढली. नदीवरून वारा.
कोट म्हणून तिचाच कोट हाताला लागला,
खिशात डाव्या हाताचा मोजा, निळा, लोकरी.
माझी चार बोटं निम्म्यात अडकली.
मग एक डोकं लढवलं.
हातमोज्यात तांदूळ भरला,
मनगटापाशी पीळ दिला
आणि टेबलावर उभा केला.
पाचही बोटं फुगलेली, जरा डावीकडे कललेली,
थांब म्हणतायत की ये म्हणतायत, कळत नव्हतं.
बराच वेळ पाणी उकळत राहिलं.

मूठ म्हणजे हातमोजा नव्हे,
हे मोजणीदाराला कळायला हवं होतं.
भातात निळी लोकर निघाली.
आणि उरला. कालच्यापेक्षा जास्तच.
देल्मिराच्या कोंबड्यांना टाकला,
कुंपणावरून, हळूच,
म्हणजे भांड्याचा प्रश्न नको.